संशयाचा अधिकार

१८९८ च्या ऑगस्टमध्ये प्लेग बंगळूरला पोहोचला. त्याच्या धास्तीने बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् ह्या मोकळ्या वसाहती वाढीस लागल्या, तशीच प्लेगअम्माची देवळेही उभी राहिली. हाफकिनची प्रतिबंधक लस तोवर सिद्ध झाली होती. परंतु अनेकांनी दंड पुढे केला नाही. ह्या नकाराला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, न्याय्य नाही. जी सत्ता घरांची झडती घेत होती, रोग्यांना आप्तांपासून तोडून छावण्यांत नेत होती, तिच्याच हाती सुईही होती. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मलकवाल येथे दूषित लसीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा संशयाला आधारच मिळाला.

तथापि संशयाचा अधिकार मान्य केला, तरी जबाबदारी सुटत नाही. विचारात माणूस एकटा उभा राहू शकतो. साथीत त्याला तसे राहता येत नाही. २०२१ मध्ये कोविडच्या लसीने हाच प्रश्न ह्या शहरात पुन्हा घरोघर आणला, तेव्हा एकाच्या नकाराची झळ शेजारच्या वृद्धाला पोहोचण्याचा संभव होता. म्हणून साशंक माणसाने प्रश्न अवश्य विचारावेत. मात्र उत्तर ऐकून मत बदलण्याची तयारीही ठेवावी.

आणि लस देणाऱ्याने? १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत हाफकिनने आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. विश्वास मागणाऱ्याने धोक्यातला आपला वाटा आधी उचलावा, हे त्याने आचरणातून सांगितले.