निग्रहाचे शिक्षण

बदलापूर आणि वांगणी या दोन स्थानकांच्या दरम्यान, उल्हास नदीच्या आसऱ्याने चामटोली हे गाव वसले आहे. पहाटे या बाजूच्या रस्त्यांवर तरुण मुले-मुली धावताना दिसतात. कोणी घड्याळ लावून पळतो, कोणी मोकळ्या जागेत गोळाफेकीचा सराव करतो. ही सारी तयारी भरतीसाठी असते. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, तर मुलींना ८०० मीटर धावावे लागते. २०२४ साली राज्यात सतरा हजारांहून काही अधिक पदांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे सुमारे शंभर उमेदवार! ज्या घरात महिन्याच्या पगाराची शाश्वती कधी आली नाही, त्या घराची सारी आशा या धावण्यावर लागलेली असते.

अशाच एका मुलाने रविवारच्या मिस्सानंतर आम्हांला गाठले. "फादर, मला अग्निशमन दल आणि पोलीस अशा दोन्हीकडे अर्ज करायचा आहे. आई म्हणते, आग विझवणारा कोणावर हात उगारत नाही, तू तिकडेच जा. पोलिसात गेलो तर पाप लागेल का?" आम्ही घाईत होतो. प्रामाणिकपणे केलेली कोणतीही सेवा देवाला मान्य असते, एवढे सांगून आम्ही मोकळे झालो. त्याने मान डोलावली, पण त्याचे समाधान झाले नाही हे दिसत होते. आमचे उत्तर खोटे नव्हते. ते अपुरे होते. राहिलेले उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम त्या माउलीच्या म्हणण्याचा विचार करू. अग्निशामकाचे काम निर्मळ आहे यात शंका नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाबरोबर स्फोटके होती. आग विझवण्यासाठी गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या स्फोटांत मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीतील गोकुळ निवास या इमारतीला आग लागली, त्या दुर्घटनेत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. शिपायाला पुढे पाठवून अधिकारी मागे राहिले नाहीत. आगीला जात नसते आणि धर्म नसतो. तिच्याशी झुंजणाऱ्यालाही आत अडकलेला माणूस कोण, हे विचारावे लागत नाही.

याचा प्रत्यय चामटोलीने घेतला आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने लोहमार्ग वेढला आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस याच परिसरात अडकून पडली. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते, त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदल यांनी होड्या आणल्या. पोलीस, अग्निशमन दल व आसपासचे ग्रामस्थ मदतीला धावले, आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्या दिवशी पाण्यात उतरलेल्यांमध्ये कोणत्या गणवेशाचे काम पुण्याचे आणि कोणत्या गणवेशाचे कमी पुण्याचे, असा भेद कोणाच्या मनातही आला नसेल.

तथापि भेद आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. अग्निशामकाची झुंज आगीशी असते. पोलिसाची गाठ बहुधा माणसाशी पडते. त्या माणसाला अडवण्याचा, पकडण्याचा, प्रसंगी बळ वापरण्याचा अधिकार समाजाने त्याच्या हाती दिलेला असतो. प्रश्न असा की, हा अधिकार हाती घेणे मुळातच दूषित आहे काय? संत लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात, आम्ही काय करावे, असे शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात. शिपाईगिरी सोडा, असे योहान त्यांना सांगत नाही. कोणाला धाकाने लुबाडू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या वेतनात समाधानी राहा, असा त्याच्या उपदेशाचा आशय आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या कोणत्याही पोलीस ठाण्याच्या भिंतीवर शोभून दिसेल! तेव्हा पेशा पापाचा नाही. मोह मात्र त्या पेशात भरपूर आहे, आणि माणसाला मोहासाठी तयार करणे हे शिक्षणाचे काम आहे.

मग हे शिक्षण कशाचे असावे? प्रशिक्षण केंद्रात कवायत असते, कायद्याचे पाठ असतात, शस्त्राचा सराव असतो. अग्निशामकाला शिडी, पाण्याचा फवारा आणि धूर यांची सवय करून घ्यावी लागते. कवायतीला आपण यांत्रिक म्हणून हिणवतो. वस्तुतः तिच्यात एक जुने शहाणपण आहे. भीतीने विचार गोठण्यापूर्वी हातपायांनी योग्य ते करावे, इतकी सवय अंगात मुरली पाहिजे, हा तिचा हेतू. संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणाला अशीच अंगी बाणलेली सवय मानले आहे. सद्गुण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करता येत नाही. धैर्याचे मुख्य लक्षण हल्ला करणे हे नसून टिकून राहणे हे आहे, असेही ते सांगतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात केवळ लाठी होती. अतिरेक्याची बंदूक त्यांनी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळे तो अतिरेकी जिवंत हाती लागला, आणि त्याच्यावर न्यायालयात खटला चालू शकला.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. यातील 'निग्रह' हा शब्द आम्हांला मोलाचा वाटतो. निग्रह म्हणजे आवर घालणे. ब्रीदात खलाचा वध म्हटलेला नाही. आणि मराठीत आपण निग्रह हा शब्द स्वतःच्या मनाला आवरण्यासाठीही वापरतो. ज्याला स्वतःचा हात आवरता येत नाही, तो दुसऱ्याला काय आवरणार?

हे लिहिताना बदलापूरचे २०२४ साल डोळ्यांपुढून हटत नाही. एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवून घेण्यात दिरंगाई झाली. २० ऑगस्टला संतप्त जमाव रेल्वेमार्गावर उतरला, गाड्या तासन्‌तास थांबल्या, अखेर लाठीमार झाला. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या वाहनात, त्यांच्याच ताब्यात असताना गोळी लागून मरण पावला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पाच पोलिसांना या मृत्यूस जबाबदार धरल्याचे जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आले. त्या मुलींसाठी आमचेही काळीज तुटले होते. आरोपी मेल्याचे कळताच 'बरे झाले' हा शब्द कित्येकांच्या ओठांवर आला. आमच्या मनातही तो क्षणभर डोकावला, हे कबूल केले पाहिजे. परंतु कोठडीतला माणूस हा आगीत सापडलेल्या माणसासारखाच रक्षणासाठी सोपवलेला असतो. तो कोण आहे, हे रक्षणकर्त्याने विचारायचे नसते. ते न्यायाधीशाने विचारायचे. ज्या पोलिसाने पहिल्या दिवशी त्या बालिकांच्या आईबापांचे म्हणणे ऐकायला हवे होते, त्यानेच शेवटच्या दिवशी आरोपीला न्यायालयापर्यंत जिवंत पोहोचवायला हवे होते. दोन्ही कर्तव्ये एकाच ब्रीदातली आहेत. एक चुकले म्हणून दुसरे चुकवून न्याय होत नाही.

आणि येथे दोष केवळ गणवेशाचा नाही. आपण टाळ्या वाजवतो तेव्हा पुढच्या पोलिसाला कोणता धडा देतो? अकादमीतले वर्ग काही महिन्यांचे असतात; समाजाचा वर्ग जन्मभर चालतो. घरात बाप लहानसहान कारणावरून हात उगारतो, दुबळ्याची थट्टा होते, लाच देऊन सुटल्याची फुशारकी मारली जाते. त्या घरातून भरतीला गेलेला मुलगा १६०० मीटर वेळेत पळेल. निग्रह मात्र तो कोठून आणील? सदसद्विवेकबुद्धी ही माणसाच्या अंतःकरणातली अशी जागा आहे की जेथे तो देवासमोर एकटा उभा असतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले आहे. त्या जागी वरिष्ठांचा हुकूम पोहोचत नाही आणि जमावाची घोषणाही पोहोचत नाही. अग्निशामकांचे आश्रयदाते संत फ्लोरियन हे रोमन सैन्यातले अधिकारी होते. ख्रिस्ती लोकांचा छळ करण्यात सहभागी होण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना नदीत बुडवून मारले, अशी परंपरा आहे. आगीपासून रक्षणासाठी ज्यांचा धावा होतो, त्यांनाही शेवटी हुकमापुढे 'नाही' म्हणावे लागले. तेव्हा अग्निशमन दलात गेल्याने सदसद्विवेकबुद्धीचे ओझे उतरते, असे त्या माउलीने समजू नये.

तो मुलगा पुन्हा भेटला तर आम्ही त्याला एवढेच सांगू : बाळा, दोन्ही अर्ज भर. जेथे निवड होईल तेथे जा. पण रोज पहाटे पायांना सराव देतोस, तसा रोज रात्री मनालाही दे. आज कोणाशी वागताना माझा हात, माझी जीभ आवरली, आणि कोणाशी आवरली नाही, हे देवापुढे तपासून पाहा. गणवेश मिळेल तेव्हा हीच सवय तुला सावरील. आईला सांग, तुझा हात कसा राहील याची काळजी तिने आजपासूनच घ्यावी; आणि आम्हीही तुला यापुढे घाईत उत्तर देणार नाही.