वर्गातील मौन



वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता असली, की आपण कौतुकाने म्हणतो, "गुरुजींचा काय वचक आहे!" पण ही शांतता कशाची आहे, याचा विचार आपण करतो का? मुलांचे मौन दोन प्रकारचे असते. एक मन रमल्याचे, दुसरे भीतीचे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्यात मूल फुलते, दुसऱ्यात ते मिटून जाते.

आपल्या सीमाभागातील साधे उदाहरण घ्या. घरी कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत येते. बाई भरलेल्या घागरीचे चित्र दाखवून विचारतात, "यात काय आहे?" मूल उत्तर देते, "नीरु." वर्ग हसतो. त्यांच्याबरोबर बाईही हसल्या, तर त्या दिवशी ते मूल एकच धडा शिकते : तोंड उघडू नये. पुढे ते गप्प राहते आणि आपण त्याला मंद ठरवतो. पण बाई म्हणाल्या, "बरोबर! नीरु म्हणजेच पाणी. आता सगळ्यांनी दोन्ही शब्द म्हणा," तर ते मूल मराठी शब्द शिकते आणि हसणारी मुलेही एक नवा शब्द शिकतात. कन्नड शाळेत गेलेल्या मराठी मुलालाही हेच लागू आहे.

बाराव्या शतकात शरणांनी गहन तत्त्वविचार संस्कृतात न सांगता लोकांच्या कन्नडात सांगितला, तो कशासाठी? माणसाच्या घरची बोली हीन ठरवली, की तो माणूसच हीन ठरतो, हे त्यांनी ओळखले होते. नावाडी चौडय्या, मोळीविके मारय्या यांचा शब्द तेथे मानाने ऐकला गेला. अल्लमप्रभूंनी अक्कमहादेवींना कठोर प्रश्न विचारले, असे शून्यसंपादनेत आले आहे. परंतु त्यांनी उत्तरही पुरते ऐकून घेतले. तो प्रश्न पारखण्यासाठी होता, पाणउतारा करण्यासाठी नव्हता.

आपणही मुलांना प्रश्न विचारतो, पण उत्तरासाठी थांबतो का? अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणांचा अभ्यास मांडला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबली, निरुत्तर राहणे कमी झाले आणि कच्ची समजली जाणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे एक श्वास. एवढेही दान आपण देऊ नये काय?

कोणी म्हणेल, "असे लाड केले तर शिस्त कशी राहील?" शंका रास्त आहे. पण ऐकून घेणे म्हणजे चूक पदरात घालणे नव्हे. गणित चुकले तर चुकले म्हणावेच. "तू दगड आहेस" असे म्हणू नये. पहिल्या वाक्याने गणित सुधारते, दुसऱ्याने मूल खचते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. कायदा छडी रोखू शकतो, जीभही काही अंशी आवरू शकतो. कान देणे मात्र ज्याचे त्यालाच शिकावे लागते.

बोलणे कसे असावे, यावरचे बसवण्णांचे वचन आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहे. ते मुलांकडून पाठ करून घेण्यापूर्वी आपण मुलांशी कसे बोलतो, हे तपासून पाहू या. आणि हे काम केवळ शिक्षकांचे नाही. आज मूल शाळेतून घरी आले, की "किती मार्क पडले?" असे न विचारता, "आज वर्गात तू काय विचारलेस?" असे विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

शरणु शरणार्थी.