दलालाचा अंदाज आणि अमानत

अजिंठा लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचे फर्दापूर हे लहानसे गाव. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गास मंजुरी दिली आणि अजिंठा परिसर त्याने जोडला जाईल, असे जाहीर झाले. अशा बातमीनंतर रस्त्याकाठचा गाळा, हॉटेलजोगी जागा यांविषयी दलालाच्या शब्दाला वजन येते. "भाव दुप्पट होणार, आजच बयाणा द्या," असे तो म्हणतो. उद्या भाव वाढला नाही, तर हा मनुष्य खोटे बोलला असे म्हणावे काय?

प्रथम हे स्पष्ट असावे की दलाली हा हलाल व्यवसाय आहे. हजरत कैस बिन अबी गरज़ा (रज़ि.) सांगतात की, त्यांना 'समासिरा' म्हणजे दलाल म्हटले जाई, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना 'व्यापारी' हे अधिक चांगले नाव दिले. मात्र त्याच वेळी बजावले की व्यापारात निरर्थक बोलणे व शपथा शिरतात, म्हणून त्यात सदक्याची भर घाला.

उद्या आपण काय कमावू, हे कोणताही जीव जाणत नाही, असे सूरह लुकमानच्या अखेरीस सांगितले आहे. म्हणून अंदाज चुकणे हे पाप नव्हे. शेतकरीही आभाळ पाहून पेरणी करतो. पाप आहे ते अंदाजाला ज्ञानाचा पोशाख चढविण्यात. रेल्वेमार्ग मंजूर झाला, हे ज्ञान. स्थानक अमुक शेताजवळ होईल आणि भाव दुप्पट होईल, हा अंदाज. दोन्ही एकाच सुरात सांगणे, त्या जागेतील स्वतःचा हिस्सा लपविणे, खोटे गिऱ्हाईक उभे करून भाव चढविणे (हदीसमध्ये यालाच 'नज्श' म्हणून मनाई आहे), ही फसवणूक होय. अशा बोलण्यास 'इन्शाअल्लाह' जोडल्याने ते पवित्र होत नाही.

मौनाचाही हिशेब आहे. फर्दापुरात मोगलकालीन सराई आहे; कारवाँच्या काळाची ती आठवण. बाजारात पोहोचण्याआधीच कारवाँला वाटेत गाठून माल विकत घेण्यास प्रेषित (स.) यांनी मनाई केली, आणि तसे घडलेच, तर बाजारात आल्यावर सौदा मोडण्याचा हक्क विक्रेत्याला दिला. कारण त्याला चालू भाव ठाऊक नसतो. मुलीच्या लग्नासाठी घाईने जमीन विकणारा शेतकरी आजचा तोच कारवाँ नव्हे काय?

कोणी म्हणेल, मेहनतीने मिळविलेली माहिती फुकट का द्यावी? फुकट देऊ नये. ठरवून, उघडपणे मेहनताना घ्यावा. परंतु ज्याच्याकडून तो घेतला, त्याची माहिती ही मग त्याचीच अमानत ठरते. दोन्ही बाजूंकडून घ्यायचा असेल, तर दोघांनाही ते ठाऊक असावे.

विकणारा व घेणारा खरे बोलले आणि दोष उघड केले, तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते. लपविले, तर ती पुसली जाते, अशी हदीस आहे. म्हणून दलालाने "एवढे मला ठाऊक आहे, पुढचा माझा तर्क आहे" हे वाक्य जिभेवर ठेवावे. आणि घर गहाण ठेवण्यापूर्वी आपल्या कुटुंबांनी त्याला ते विचारावे.

अल्लाह आम्हा सर्वांना खऱ्या बोलण्याची आणि हलाल कमाईची तौफीक देवो. आमीन.