हृदयाची जागा

हृदय नेमके कोठे आहे, या प्रश्नाला शरीरशास्त्र त्वचेवर बोट ठेवून उत्तर देते. आतील अवयवांचे स्थान बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडांच्या आधारे ठरवणाऱ्या शाखेला पृष्ठीय शरीररचनाशास्त्र म्हणतात. त्यानुसार हृदयाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग छातीच्या मध्यरेषेच्या डावीकडे असतो, आणि त्याचे टोक, म्हणजे हृदयाग्र, डाव्या पाचव्या व सहाव्या बरगडीमधल्या फटीत, मध्यरेषेपासून सुमारे ९ सेंटिमीटरवर ठोका देते.

उपनिषदांनीही हृदयाची जागा सांगितली आहे, पण तेथे शोध अवयवाचा नाही. छांदोग्याच्या आठव्या अध्यायात शरीर हे ब्रह्माचे नगर, त्यात कमळासारखे लहानसे घर आणि त्या घरात दहर, म्हणजे सूक्ष्म, आकाश आहे असे म्हटले आहे. कठोपनिषदात अंगठ्याएवढा पुरुष देहाच्या मध्यभागी वसतो आणि हृदयापासून १०१ नाड्या निघतात. या नाड्यांची रक्तवाहिन्यांशी जुळणी करण्याची हौस अधूनमधून उफाळते, पण ती दोन्हींवर अन्याय करणारी आहे, कारण त्यांतील एक नाडी मस्तकातून वर जाऊन अमृतत्वाला नेते असे त्याच मंत्रात सांगितले आहे, आणि अशी वाहिनी विच्छेदनात सापडण्याची अपेक्षा कोणी धरणार नाही.

खरी अडचण निराळी आहे. जे सर्वव्यापी, ते एवढ्याशा जागेत कसे मावेल? ब्रह्मसूत्रांनी हा आक्षेप स्वतःच उभा केला असून, भाष्यात शंकराचार्यांनी शालिग्रामाचे उदाहरण दिले आहे: विष्णू सर्वत्र असूनही उपासनेसाठी त्याचे ध्यान शालिग्रामात करतात, तसेच हृदय हे ब्रह्माला मर्यादा घालणारे पात्र नसून त्याच्या अनुभवाचे ठिकाण आहे. अंगठ्याचे मापही मानवी हृदयाच्या अपेक्षेने सांगितलेले आहे, कारण शास्त्राचा अधिकारी माणूस आहे. त्वचेवरील खूण म्हणजे हृदय नव्हे, हे वैद्यालाही ठाऊक असते. कूस बदलली की हृदयाग्राचा ठोकाही सरकतो. साम्य मात्र येथेच संपते, कारण त्या खुणेमागे हृदय खरोखरच असते आणि अन्यत्र नसते, तर शंकराचार्यांचे ब्रह्म दाखवलेल्या जागेबाहेरही तितकेच असते.

रमण महर्षींनी (१८७९–१९५०) आध्यात्मिक हृदय छातीच्या मध्यापासून उजवीकडे दोन बोटांवर सांगितले, आणि ‘मी’ म्हणताना माणसाचे बोट आपोआप तेथे जाते याकडे लक्ष वेधले. बहुतेकांचा उजवा हात त्या बाजूला सहज पोहोचतो, हे त्याचे साधे स्पष्टीकरण संभवते. परंतु ‘मी’ म्हणताना बोट मेंदू असलेल्या मस्तकाकडे न जाता छातीकडेच का वळते, याचे उत्तर उजव्या हाताच्या सोयीतून मिळत नाही.