काळं पान वाचून दाखवताना

पानाच्या मांडणीशी खेळणाऱ्या कादंबऱ्या वाचकाला उगाच छळतात, हा जुना आक्षेप आहे. मला त्याहून अवघड प्रश्न पडतो: ज्याला पान दिसतच नाही, त्याचं काय?

लॉरेन्स स्टर्नची 'ट्रिस्ट्रम शँडी' १७५९ पासून खंडाखंडाने आली. तिच्यात यॉरिक मरतो आणि पान संपूर्ण काळं होतं. पुढे एक पान कोरं येतं. एका विधवेचं रूप वाचकाने स्वतःच तिथे काढायचं. हे पुस्तक रचलेलं आहे आणि रचण्यात तुझाही वाटा आहे, असं लेखक उघड सांगतो.

सांगलीचे माझे मामा मराठीचे शिक्षक होते. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली. साताऱ्याजवळच्या मर्ढे गावाचं नाव लावणाऱ्या मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२) मी त्यांना वाचून दाखवली. संज्ञाप्रवाहाची ही कादंबरी अवघड म्हणतात, पण ऐकताना मामा कुठे अडले नाहीत. मनातलं तुटक बोलणं कानाला ओळखीचं असतं.

स्टर्न वाचताना मात्र थांबावं लागलं. फोनमधला स्क्रीन रीडर वर्णन नसलेलं चित्र गाळतो किंवा नुसतं 'चित्र' म्हणतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा जागी पर्यायी मजकूर लिहितो. 'काळं पान' असं लिहिलं की नियम पाळला जातो. माहिती पोचते, थबकणं पोचत नाही.

"मग मी थोडा वेळ गप्प बसू का?" मी विचारलं.

"किती वेळ, ते तू ठरवणार होय? दिसणारा माणूस पान आपल्या मनाने उलटतो."

नैतिक प्रश्न नेमका हा आहे. त्या पानात शाईपेक्षा मोलाची आहे ती वाचकाला दिलेली मुभा. ती वगळून केलेली सोय म्हणजे दुसऱ्याच्या वतीने वाचून टाकणं. म्हणून लेखकांनी असे खेळ सोडावेत, असं मी म्हणणार नाही; सगळ्यांपर्यंत सारखं पोचेल तेवढंच लिहायचं ठरवलं, तर सपाट गद्यच उरेल. पण अनुवादक असो, ई-पुस्तक करणारा असो की भाचा, 'इथे काय छापलंय?' याच्या आधी त्याने 'इथे वाचक काय करतो?' हे विचारावं.

आता मी थांबतो आणि मामा टेबलावर टिचकी मारली की पुढे जातो. यॉरिकला त्यांनी बराच वेळ दिला. कोऱ्या पानाचं काय करायचं, ते अजून ठरायचं आहे.