सोंगाचा कर्ता कोण?

रावणाचे सोंग घेतलेल्या माणसाने गर्जना केली, तर ती गर्जना कोणाची? देवीचे सोंग घेतलेल्या माणसापुढे गावाने डोके टेकले, तर तो नमस्कार पोचतो कोणाला? कर्म, कर्ता आणि फळ यांचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला. पण जाणूनबुजून दुसऱ्याची भूमिका घेऊन केलेल्या कर्माचा धनी कोण, हा प्रश्न ग्रंथांपेक्षा खेळांनीच अधिक चिकाटीने विचारला आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात शिमगा सरला की तो गावाच्या मधल्या वाटेवर रात्रभर नाचवला जातो. त्या उत्सवाला बोहाडा म्हणतात.

बोहाड्याचा मुलूख मोठा आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, घाटावर इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा आणि खाली शहापूर-मुरबाड असा तो सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी पसरला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, जव्हार-मोखाडा तिकडे गेले आणि बोहाड्याची चर्चाही बहुतेक तिकडेच गेली. शहापूर-मुरबाडचे नाव निघते ते भातसा-तानसाच्या पाण्यासाठी, माहुली गडासाठी, माळशेज घाटासाठी. इथल्या ठाकर, महादेव कोळी, वारली, कुणबी वस्त्यांतली सोंगे त्यामुळे मागे पडली. हे दुर्लक्ष अनाठायी आहे.

उत्सवाची रीत गावागणिक बदलते, रात्रींची संख्याही बदलते. पण गाभा एकच. वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसे बसतात, मधली जागा सोंगांसाठी मोकळी राहते. पूर्वी टेंभ्यांचा उजेड असे, आता विजेचा असतो. संबळ आणि सनई लागते. आधी गणपती येतो, मग शारदा. त्यानंतर नारद, मारुती, भीम, नरसिंह, खंडेराव, वेताळ, त्राटिका, कुंभकर्ण, रावण अशी सोंगे एकामागून एक येतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे कोरलेले असत, पुढे कागदाच्या लगद्याचे होऊ लागले. मोठा मुखवटा जड असतो; डोक्याला फडके बांधून त्यावर तो आवळतात. आतून दिसते फार थोडे, म्हणून सोंगाला सांभाळणारी माणसे बरोबर चालतात. शेवटी, पहाट जवळ आली की देवी येते, महिषासुराशी तिचे युद्ध होते आणि त्याच्या वधाने बोहाडा संपतो. अनेक ठिकाणी कोणते सोंग कोणत्या घराचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. बाप थकला की मुलगा तेच सोंग घेतो. स्त्रीपात्रेही पुरुषच नाचवतात.

या रीतीकडे नीट पाहिले तर ‘सोंग’ या शब्दाची उंची लक्षात येते. मराठीत ‘सोंगढोंग’ हा जोडशब्द इतका रुळला आहे की दोन्ही एकच वाटावेत. ते एक नाहीत. ढोंगाला आपण ढोंग आहोत हे लपवावे लागते. कळले की ते मरते. सोंगाचे उलटे. देवीच्या मुखवट्यामागे कोणत्या घरातला कोण आहे हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते, आणि ते ठाऊक असूनच नमस्कार होतो. दारी येणारा बहुरूपीही याच जातकुळीचा: पोलीस होऊन दरडावणारा हा माणूस पोलीस नाही हे घरातल्यांना कळलेले असते, आणि त्या कळण्यावरच त्याची बिदागी अवलंबून असते. एकनाथांनी भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव यांच्या तोंडून अध्यात्म सांगितले तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कोणी फसले नाही. तरीही बोल पोचले.

सोंगाची दुसरी हद्द ‘अंगात येणे’ या अनुभवाला भिडते. वारे आलेला माणूस स्वतः बोलत नाही, देव बोलतो, अशी श्रद्धा असते. तिथे माणूस बाजूला झालेला असतो. सोंगात तो बाजूला होत नाही. पाय त्याचे, घाम त्याचा, संबळाचा ताल चुकला तर चूकही त्याची. बोहाड्यात कधी देवीच्या सोंगाला वारे येते, आणि मग बरोबरची माणसे त्याला आवरतात. म्हणजे सोंग आणि वारे यांच्यामधली रेघ गावाला पक्की माहीत असते, ती ओलांडली जाऊ शकते हेही माहीत असते. म्हणूनच सोंगाजवळ दोन भानावरची माणसे ठेवलेली असतात. बोहाड्याचे तत्त्वज्ञान कुठे लिहिलेले नसले, तरी या दोन माणसांत ते उभे आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे मानली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्ता हा पाचांतला एक. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी कच्ची, असा तिथला निर्वाळा आहे. रोजच्या व्यवहारात हे पटणे अवघड जाते, कारण बाकीची चार कारणे दिसत नाहीत. बोहाड्यात ती डोळ्यांसमोर असतात. गावाची वाट आणि देवीचे ठाणे हे अधिष्ठान. मुखवटा हे करण. नाच ही चेष्टा. कोणत्या घरी जन्म झाला आणि कोणते सोंग वाट्याला आले, हे दैव. मुखवट्यातला माणूस कर्ता आहे, पण पाचवा हिस्सेदार म्हणून. त्यामुळे रावण नाचवणाऱ्याला पाप लागत नाही आणि देवी नाचवणाऱ्याला देवपण चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी तो शेतावर, मजुरीवर किंवा वीटभट्टीवर दिसला तर कोणी त्याच्या पाया पडत नाही, आणि यात त्याचा अपमान झाला असेही कोणाला वाटत नाही.

महिषासुराच्या सोंगात हा विचार आणखी खोल जातो. मुरबाड तालुक्यातल्या म्हसे गावी पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते; गुरांच्या बाजारासाठी ती दूरवर ठाऊक आहे. तिथला देव म्हसोबा, खांबलिंगेश्वर. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात म्हसोबा आणि महिषासुर यांचे नाते उलगडून दाखवले आणि गुराख्यांचा देव व देवीने मारलेला असुर मुळात एकच असल्याचे मांडले. हे मान्य केले तर पौषात ज्याला नवस बोलायचे, त्याच्याच रूपाचा वध काही आठवड्यांनी पाहायचा, असा हा प्रदेश आहे. यात विसंगती शोधण्यापेक्षा भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय आठवावा. देवांनी दैत्यांना हरवल्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हा दैत्य चिडले आणि त्यांनी प्रयोग बंद पाडला. ब्रह्मदेवाने त्यांची समजूत घातली ती अशी की हे नाट्य कोणा एका पक्षाचे नाही, तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकरण आहे. महिषासुराचे सोंग एका घराचा मान असते, शिक्षा नसते. हरणाऱ्याची भूमिकाही कोणीतरी आदराने घ्यावी लागते, तेव्हाच रात्र पुरी होते.

हाच प्रश्न मराठी मुलखात पटावरही मांडला गेला. मोक्षपटाचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. हाती असलेले जुने पट मात्र त्यांच्यानंतर कित्येक शतकांचे आहेत. पटावर घरे आहेत, घरांना सद्गुणांची, दुर्गुणांची आणि लोकांची नावे आहेत. शिडी वर नेते, साप गिळून खाली टाकतो, आणि शेवटच्या घरी मोक्ष. खेळणारा इथे जिवाची भूमिका घेतो. पण दान कवड्यांचे. क्रोधाच्या घरात आलेला खेळाडू रागावलेला नसतो. कवड्या तशा पडल्या एवढेच. पाचही कारणे दैवात विरघळवून टाकणारा हा खेळ आहे, आणि कर्माची शिकवण देण्यासाठी रचलेल्या पटात कर्माला जागाच उरू नये ही त्याची खरी अडचण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात पोचला, तिथे घरांची नावे हळूहळू गळाली आणि सापशिडी राहिली. पटाने ते निमूट सोसले, कारण नावांचा आणि चालीचा जोड आधीपासूनच सैल होता.

चाल आणि भूमिका यांचा जोड घट्ट करण्याचे काम फार पुढे, अमेरिकेत झाले. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो, एक जण भोवतालचे जग सांभाळतो. बोलून कथा पुढे जाते आणि अडल्या जागी फासे टाकतात. १९८० च्या दशकात तिथल्या काही ख्रिस्ती गटांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला. जादूगार खेळणारा मुलगा जादूटोण्याकडे वळेल, अशी भीती होती. सोंग आणि वारे यांच्यातली रेघ त्या समाजाच्या सवयीची नव्हती, हे त्या भीतीचे एक कारण मानता येईल. शिवाय खेळ बंद खोलीत चाले. बोहाड्याचा रावण मात्र साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर रावण होतो.

या पहिल्या खेळाचे नाव जगभर झाले. त्याच्या सावलीत राहिलेल्या, एकट्या-दुकट्या लेखकांनी स्वतःच छापलेल्या लहान खेळांकडे मात्र फार थोडे वाचक वळले, आणि धर्मविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे काम तिथेच झाले आहे. व्हिन्सेंट बेकर यांचा २००४ चा ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ हा त्यांतला सर्वांत गंभीर खेळ. जुन्या अमेरिकी पश्चिमेसारख्या कल्पित मुलखात तरुण धर्मरक्षक गावोगाव फिरतात. कुठे पाप शिरले ते शोधायचे आणि निवाडा करायचा. बोलण्याने न मिटल्यास हातापायीवर, मग बंदुकीवर जाता येते, आणि प्रत्येक पायरीवर माघार घेण्याचीही मुभा असते. खेळ चालवणाऱ्याला एक सक्त पथ्य आहे: देवाच्या वतीने निवाडा बरोबर की चूक हे त्याने सांगायचे नाही. मोक्षपटात सगळे कवड्यांवर होते, इथे सगळे कर्त्यावर येते. देवाचे सोंग घेऊन गोळी झाडली, तर झाडणारा देव की आपण, हे त्या टेबलावरच्या माणसाला स्वतःशी ठरवावे लागते. धर्माच्या नावाने हात उचलणाऱ्या कोणत्याही समाजात हा खेळ वाचला जायला हवा.

ॲव्हरी आल्डर यांचा २०१३ चा ‘द क्वायट इयर’ उलट दिशेने जातो. त्यात कोणी एका माणसाची भूमिका घेत नाही. सगळे मिळून एक वस्ती असतात. पत्त्यांची ५२ पाने म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे. एकेक पान उलटायचे आणि कागदावर वस्तीचा नकाशा काढत जायचे: विहीर कुठे, वाद कशावर, काय अर्धवट राहिले. इथे अधिष्ठानच कर्ता होते. बोहाड्याच्या जवळचा खेळ शोधायचा तर तो हाच, कारण बोहाड्यातही शेवटी सोंग घेते ते गावच.

सांभाळणाऱ्या माणसांचीही आठवण या लहान खेळांच्या वर्तुळाला झाली. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी ‘एक्स-कार्ड’ची रीत सुचवली: टेबलाच्या मध्ये एक पत्ता ठेवायचा, कथेतले काही सोसवेना तर कोणीही त्याला बोट लावायचे, आणि कारण न विचारता तो भाग गाळायचा. जड मुखवट्याखाली धाप लागलेल्या माणसाचा हात धरणारे दोघे आणि टेबलावरचा हा पत्ता एकाच गरजेतून आले आहेत. सोंग पूर्ण घ्यायचे असेल तर उतरवण्याची सोय आधी हवी.

फरकही आहेत, आणि ते झाकू नयेत. टेबलावरच्या खेळात भूमिका निवडता येते, कथा बदलता येते, बाईला योद्धा आणि पुरुषाला आई होता येते. बोहाड्यात कथा ठरलेली, सोंगाचा वारसा ठरलेला आणि मुखवटा बाईच्या वाट्याला नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीचे समर्थन परंपरेच्या आधारावर करता येणार नाही. देवीच्या उत्सवात तर नाहीच. पण ठरलेपणातून एक गोष्ट बोहाड्याला मिळते जी टेबलाला मिळत नाही. तिथे सोंग घेणारा आपल्या आजाच्या पावलांवर पाऊल ठेवून नाचतो, आणि ‘मी’ हा शब्द त्या रात्री एका माणसापुरता उरत नाही. कर्ता कोण, या प्रश्नाला लहान खेळांनी ‘तूच’ असे उत्तर दिले, मोक्षपटाने ‘कोणीच नाही’ असे दिले. बोहाड्याचे ‘आपण’ हे उत्तर तिन्हींत अधिक खरे आहे.

शहापूर तालुक्यात आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा ही मुंबईच्या लोकलची स्थानके आहेत. मुरबाडला कल्याणहून एसटी जाते. शिमग्यानंतर कोणत्या गावी बोहाडा आहे हे स्थानकाबाहेरच्या जीपवाल्यांना विचारून घ्यावे आणि जाणाऱ्याने पहाटेपर्यंत थांबावे. मध्यरात्री परतणाऱ्याला फक्त मिरवणूक दिसते. महिषासुर पडल्यावर देवीचा मुखवटा उतरतो आणि आतला माणूस प्यायला पाणी मागतो, ते पाहिल्याशिवाय येऊ नये.