उद्यावर ढकललेले देणे

माझी नात इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करते. मागच्या रमजानमध्ये एका संध्याकाळी इफ्तारनंतर ती वही घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, "नाना, प्रोक्रॅस्टिनेट या क्रियापदाला मराठीत एकच नेमका शब्द सांगा." तीस वर्षे शाळेत शिकवलेला माणूस मी. चालढकल, टाळाटाळ, टंगळमंगळ, दिरंगाई असे चार शब्द पटापट सांगितले. "पण यातला नेमका कोणता?" तिने पुन्हा विचारले. त्या रात्री मी शब्दकोश काढून बसलो. शब्दाच्या मागे गेलो आणि फिरून माझ्याच घराच्या उंबऱ्यावर आलो.

लॅटिनमध्ये 'क्रास' म्हणजे उद्या, 'क्रास्तिनुस' म्हणजे उद्याचा आणि 'प्रो' म्हणजे पुढे. काम उचलून उद्याकडे सरकवायचे, इतकाच या शब्दाचा मूळ अर्थ. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात रुजला. अरबी माणसाने हीच गोष्ट आणखी गमतीने सांगितली आहे. अरबीत भविष्यकाळ दाखवायला क्रियापदाच्या आधी 'सौफ' हा शब्द लावतात. जो सदा 'सौफ, सौफ' म्हणत राहतो, 'करीन, करीन' म्हणत राहतो, त्याच्या या सवयीला नाव पडले 'तस्वीफ'. आणि आपली दिरंगाई? ती फारसीतल्या 'दिरंग'वरून आली आणि मराठी कचेरीत अशी मुरली, की ती बाहेरून आली हे कोणाला सांगूनही खरे वाटत नाही.

शेक्सपिअरच्या 'द कॉमेडी ऑफ एरर्स' या नाटकात हे क्रियापद येते. सिरॅक्यूजचा एक म्हातारा व्यापारी एफिससमध्ये पकडला जातो. दोन्ही शहरांत वैर. एक हजार मार्क दंड भर, नाहीतर मर, असा कायदा. त्याची कहाणी ऐकून ड्यूकला दया येते आणि तो पैसे उभे करायला त्याला एका दिवसाची सवलत देतो. पहिल्या प्रवेशाच्या अखेरीस म्हातारा निराश होऊन निघतो आणि आपण केवळ आपला मृत्यू पुढे ढकलायला चाललो आहोत, अशा अर्थाचे बोलतो. तिथे हे क्रियापद वापरले आहे. त्यात आळस नाही, दोषही नाही. पुढे ढकलायची ती वस्तू वाक्यातच स्पष्ट उभी आहे: मृत्यू.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर तिथे हे क्रियापद सकर्मक आहे. काय पुढे ढकलले, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. अकर्मक वापरही पुढे लवकरच सुरू झाला आणि आज बहुधा तोच उरला आहे. आता इंग्रजीत माणूस नुसताच 'प्रोक्रॅस्टिनेट' करतो. काय ढकलतो, कोणाचे ढकलतो, हे वाक्यात येत नाही. कर्म गळून पडले आणि राहिला तो फक्त कर्त्याचा स्वभाव.

१७५१ साली सॅम्युअल जॉन्सनने आपल्या 'रॅम्बलर' या नियतकालिकात या खोडीवर एक निबंध लिहिला. छापखान्याचा पोऱ्या मजकुरासाठी ताटकळत उभा असताना त्याने तो घाईघाईने खरडला, असे सांगतात. हा किस्सा लोक हसत सांगतात. मला मात्र त्या पोऱ्याविषयी कुतूहल वाटते. तो किती वेळ उभा होता, हे कोणी लिहिलेले नाही. २००७ साली पिअर्स स्टील या मानसशास्त्रज्ञाने या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. योजलेले काम लांबवले तर आपलेच वाईट होईल हे कळत असूनही आपणहून लांबवणे, असा त्याच्या व्याख्येचा आशय आहे. व्याख्या अभ्यासाला सोयीची आहे, यात शंका नाही. पण तिच्यात नुकसान होते ते लांबवणाऱ्याचेच. दारात उभा असलेला दुसरा माणूस तिच्यात नाही.

तो दुसरा माणूस ज्यातून हलवताच येत नाही, असा एक शब्द हदीसमध्ये आहे: 'मत्ल'. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुल्म आहे, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. 'मत्ल'चा मूळ अर्थ ताणणे. लोहार तापलेले लोखंड ठोकून ठोकून लांब करतो, त्यालाही हेच क्रियापद. मराठीत आपण 'लांबणीवर टाकणे' म्हणतो, तेव्हा तीच कल्पना नकळत बोलतो. फरक एवढाच, की 'मत्ल'मध्ये ठोकले जाणारे कोणीतरी असते.

याचा अर्थ इस्लामला विलंब मुळीच मंजूर नाही, असा नव्हे. देणेकरी अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत त्याला सवलत द्या, आणि सोडून दिले तर अधिक चांगले, असे सूरह बकरहमध्ये (२:२८०) सांगितले आहे. मात्र ती सवलत घेणेकऱ्याने द्यायची आहे. देणेकऱ्याने परस्पर घ्यायची नाही. एफिससच्या म्हाताऱ्यालाही एक दिवस मिळाला तो ड्यूकने दिला म्हणून. मुदत देणे आणि मुदत लाटणे यांतला हा फरक आपल्या रोजच्या बोलण्यात हरवतो.

आणि तो सर्वांत जास्त कुठे हरवला असेल, तर आपल्या निकाहनाम्यात. मेहर दोन प्रकारचा. तत्काळ द्यायचा तो मुअज्जल आणि पुढे केव्हातरी द्यायचा तोही मुअज्जल! अरबीत पहिला 'ऐन' अक्षराने लिहितात, दुसरा 'हम्जा'ने. पहिल्याचे मूळ घाई सांगणारे, दुसऱ्याचे 'अजल', म्हणजे ठरलेली मुदत. आपल्या तोंडी 'ऐन' आणि 'हम्जा' यांत फरक राहत नाही आणि देवनागरीत दोन्ही शब्द अगदी एकसारखे उमटतात. दोन उलट्या गोष्टी आपण एकाच आवाजात बोलतो. नवरी पडद्याआड बसून जो शब्द ऐकते तो कोणता, हे तिला कोण सांगतो? शिवाय 'अजल'चा आणखी एक अर्थ आहे: मृत्यू. आपल्याकडे उधारीचा मेहर बहुधा तलाक किंवा मृत्यू यांपैकी एकाची वाट पाहत पडून असतो.

माझ्या अब्बांच्या निकाहनाम्यात मेहर पाचशे पंचवीस रुपये होता. निकाह १९६२ चा. त्या काळी तेवढ्यात काही तोळे सोने आले असते. अब्बा प्राथमिक शिक्षक होते, पगार नियमित होता. त्यांनी घर बांधले, आम्हा तिघा भावंडांना शिकवले, हजही केली. अम्मीचे देणे नाकारले असे कधीच झाले नाही. 'देऊ की' म्हणायचे. १९९८ साली ते गेले तेव्हा त्या रकमेत सव्वा ग्रॅमच्या आसपास सोने आले असते. जनाजा उचलण्याआधी आमच्या फुफी अम्मीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "भाभी, मेहर माफ केलं म्हणा, म्हणजे त्यांची वाट सोपी होईल." अम्मी म्हणाली, "माफ केलं." बाजूच्या बायकांनी मान हलवली. मी दाराशी उभा होतो. मला तेव्हा ते फार उदात्त वाटले होते.

पुष्कळ वर्षांनी, एकदा सहज विचारले, तर ती म्हणाली, "बाबा, समोर मयत असताना नाही कोण म्हणेल?"

मेहर हे कर्ज आहे, हे १९१६ साली प्रिव्ही कौन्सिलनेही मान्य केले होते. पतीच्या मृत्यूच्या दुःखात असलेल्या विधवेने मेहर सोडला तर ती संमती मोकळ्या मनाची धरता येत नाही, असे १९२० साली कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटले. कुरआनात तर वारसांच्या वाटण्या कर्ज फेडल्यानंतर आहेत. आम्ही मात्र चाळिसाव्यानंतर महिन्याभरात वाटण्या केल्या. घर माझ्याकडे आले. त्या घरात अम्मी आणखी अकरा वर्षे राहिली आणि मी रोज तिला सलाम करून बाहेर पडत होतो. अब्बांचे देणे आता माझ्याकडे आले आहे, हे मला कळत नव्हते असे मी म्हणणार नाही.

नातीला शेवटी 'चालढकल' हाच शब्द लिहून दिला. नंतर कागद घेऊन हिशोब मांडला. रक्कम रुपयांत न धरता १९६२ च्या भावाने सोन्यात धरली. असे धरावेच, हे कोणत्याही फिकहच्या पुस्तकात शोधायला मी गेलो नाही. अम्मीच्या पश्चात आम्ही तीन वारस. माझे दोन हिस्से, बहिणींचा एकेक. दोघींना त्यांचा हिस्सा पोचवायचा म्हणून फोन केला. थोरली रडू लागली. धाकटी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "भाईजान, अम्मीला हे हातात मिळालं असतं तर तिनं त्याचं काय केलं असतं, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते. मी तिला कधी विचारलेच नव्हते.